एकरी बावीस रुपये खंड

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत परदेशात भाडेपट्ट्याने शेती घेण्यावरचा लेख वाचला. आफ्रिकेत जमीन मुबलक, खंड नाममात्र, पाणी हवं तेवढं, मजुरी कमी आणि सरकारं पायघड्या घालून बसलेली, असा त्याचा सूर. यातलं एकही विधान सपशेल खोटं नाही, म्हणूनच लिहायला बसलो. मी कृषी अभियंता. इथिओपियाच्या पश्चिम टोकाला, दक्षिण सुदानच्या हद्दीला लागून गंबेला प्रांत आहे. तिथे एका लहान भारतीय कंपनीच्या शेतावर पाणी आणि यंत्रसामग्रीचं काम मी सांभाळलं. कंपनी आता उरली नाही. तिचं नाव घेऊन काही हशील नाही.

आधी खंडाचा हिशेब. गंबेलात त्या काळी सगळ्यात गाजलेला करार बंगळुरूच्या करुतुरी कंपनीचा. गुलाबाच्या निर्यातीत मोठं नाव असलेल्या या कंपनीने २०१० मध्ये तिथे एक लाख हेक्टर जमीन पन्नास वर्षांसाठी घेतली. मुंबई शहर आणि उपनगरं मिळून सहाशे चौरस किलोमीटर भरतात, हा पट्टा हजाराचा. खंड हेक्टरी वर्षाला २० बिर्र (तिथलं चलन), म्हणजे तेव्हाच्या दराने एकरी जेमतेम बावीस रुपये. आमच्या कृष्णाकाठाला उसाची जमीन खंडाने घ्यायची तर एकरी आकडा हजारांत जातो. त्यामुळे बावीस रुपये ऐकले की आपल्या माणसाचे डोळे विस्फारतात. त्या करारात पुढचं वाक्यही होतं: ही जमीन ठरल्या मुदतीत लागवडीखाली आणली तर आणखी दोन लाख हेक्टर देऊ. प्रत्यक्षात २०११ च्या पुरात मका गेला, आणि डिसेंबर २०१५ मध्ये इथिओपिया सरकारने परवाना रद्द केला. सरकारचं म्हणणं असं की एक लाखापैकी सुमारे १,२०० हेक्टरच वहितीला आले. कंपनीला हे मान्य नव्हतं. कोण खरं ते बाजूला ठेवा. मला सांगायचंय ते एवढंच, की खंड स्वस्त होता कारण जमीन जमीन म्हणून वापरायला जो खर्च लागतो त्यातला एकही पैसा त्या बावीस रुपयांत धरलेला नव्हता. रस्ता नाही, बांध नाही, वीज नाही, गोदाम नाही. आणि तिथे आधीपासून असलेली माणसं.

जमीन 'पडीक' असते, हे या धंद्यातलं आवडतं वाक्य. आमची जमीनही उपग्रहाच्या चित्रात पडीकच दिसत होती. माणसापेक्षा उंच गवत, मधूनमधून झाडं. पहिला डिस्क नांगर घातला तेव्हा तव्यांना काहीतरी अडायला लागलं. ट्रॅक्टर थांबवून बघितलं तर खापराचे तुकडे, आणि एक दळायचा दगड, मधोमध झिजून खोलगट झालेला. असे दगड मग पट्ट्याच्या त्या भागात जागोजागी निघाले. अनुआक लोक तिथे मका आणि ज्वारी करतात, काही वर्षं पिकवून जमीन सोडून देतात, पुढच्या तुकड्यावर जातात आणि जमिनीचा कस भरून आला की परततात. म्हणजे आम्हाला पडीक दाखवलेली जमीन विश्रांतीला ठेवलेली होती. गवताळ भागात नुएर लोकांची गुरं पाण्यामागे येतात-जातात. झाडांवर मधाची पोळी, काही झाडं तेलाच्या बियांची. यातलं काहीच नकाशावर नव्हतं, आणि ज्या कचेरीतून आम्हाला नकाशा मिळाला तिथल्या माणसालाही ते बहुधा ठाऊक नसावं. तो राजधानी अदिस अबाबाचा होता.

हे मला लवकर कळलं याचं श्रेय माझ्या हुशारीला नाही. आमच्या घरच्या सातबाऱ्यावर आजोबांचं नाव कूळ कायद्याने लागलं. १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन, म्हणजे कसणारं कूळ मालक ठरलं तो दिवस, आमच्याकडे अजून आठवणीने सांगितला जातो. त्याआधी पिढ्यान् पिढ्या वहिवाट होती, कागद नव्हता. शेजारच्या गावातल्या एका घराण्यापाशी कागद होता, वहिवाट नव्हती. आजोबांच्या बाजूने कायदा उभा राहिला म्हणून आम्ही जमिनीवर राहिलो. अनुआक माणसापाशी फक्त वहिवाट आहे. इथिओपियात १९७५ पासून सगळी ग्रामीण जमीन सरकारच्या ताब्यात आहे. १९९५ च्या राज्यघटनेनेही तेच कायम केलं: जमीन राज्याची आणि जनतेची, विक्री नाही. कागदोपत्री हे किती समाजवादी वाटतं! व्यवहारात याचा अर्थ असा की ज्या माणसाच्या पणजोबाने ती जमीन फोडली, त्याला विचारण्याची गरजच उरत नाही. आपल्याला पट्टा देणारा सही करतो, शिक्का मारतो, आणि सगळं कायदेशीर असतं.

त्याच सुमारास गंबेलात विखुरलेल्या वस्त्या उचलून नव्या गावांत बसवण्याची सरकारी मोहीम चालू होती. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेच्या जानेवारी २०१२ च्या अहवालात सुमारे ७०,००० लोकांना हलवल्याचा आणि त्यासाठी बळजबरी झाल्याचा आरोप आहे. सरकार म्हणत होतं, शाळा-दवाखाने देता यावेत म्हणून लोक स्वखुशीने गेले, आणि भाडेपट्ट्यांशी याचा संबंध नाही. अशा ठिकाणी परदेशी कंपनीच्या पाटीखाली उभं राहणं कसं असतं ते एप्रिल २०१२ मध्ये दिसलं. सौदी स्टार या कंपनीच्या भातशेतीच्या तळावर बंदूकधारी आले आणि काम करणारी माणसं मारली गेली. आमच्या शेतावर त्यानंतर रात्रीची पाळी बंद झाली. पंप दिवसा चालवायचे, तेही एक डोळा रस्त्याकडे ठेवून.

आता पाण्याबद्दल, कारण ते माझं खातं. बारो नदी पूर्वेकडच्या डोंगरांतून उतरते आणि गंबेलाच्या जवळजवळ सपाट मैदानात पसरते. वरच्या पठारावर मुसळधार पाऊस पडत असताना खाली निरभ्र आकाश असू शकतं. सांगलीकराला हे समजावून सांगायला नको: पाऊस महाबळेश्वर-कोयनेला आणि पाणी आयर्विन पुलाला. फरक एवढा की आपल्याकडे निदान धरणातल्या विसर्गाचा आकडा मोबाइलवर येतो. आम्ही नदीच्या बाजूने मातीचा बांध घातला होता. काळी माती, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. थर थर दाबून घालायला रोलर हवा होता, तो वाटेत कुठेतरी अडकून बसला, मग डोझरनेच दाबल्यासारखं केलं. पाणी आलं तेव्हा बांध फुटलाच नाही. नदीला मिळणाऱ्या एका नाल्यातून ते फुगून मागच्या बाजूने शेतात शिरलं, आणि आमच्याच बांधाने त्याला परत नदीत जाऊ दिलं नाही. मका कमरेएवढा होता. पाणी ओसरल्यावर दांड्याला बोट लावलं की साल निघून यायची. त्या मातीत पुढचे कित्येक आठवडे ट्रॅक्टर उतरत नव्हता. स्थानिक लोक नदीकाठच्या मळईत पूर ओसरल्यावर, ओलीवर मका टोकतात. आम्ही पुराआधी पेरून पुराशी झुंजत होतो.

पीक हाती आलं तरी पुढे काय, याबद्दल तुमच्या लेखात एक ओळही नाही. गंबेला ते अदिस अबाबा साडेसातशे किलोमीटरहून जास्त. १९९३ मध्ये इरिट्रिया वेगळा झाल्यापासून इथिओपियाला समुद्रकिनारा नाही, निर्यातीचा माल शेजारच्या जिबूती देशाच्या बंदरातून जातो. म्हणजे शेतापासून बोटीपर्यंत दीड हजार किलोमीटर, त्यातला पहिला टप्पा पावसाळ्यात चिखलाचा. हायड्रॉलिकचा एक पाइप फुटला तर तो आणायला डॉलर लागतो, आणि डॉलरसाठी बँकेत रांग. नफा झालाच तर तो मायदेशी आणायलाही हीच रांग. जुलै २०२४ च्या अखेरीस तिथल्या सरकारने बिर्रचा दर बाजारावर सोडला, तेव्हा डॉलरला ५७ च्या आसपास असलेला बिर्र काही आठवड्यांत शंभरापलीकडे गेला. ज्याने रुपयाचे डॉलर आणि डॉलरचे बिर्र करून पैसे घातले असतील, त्याने आपला हिशेब आपणच करावा.

हे फक्त इथिओपियाचं आहे असं कुणी म्हणेल. मादागास्करात २००८ मध्ये कोरियाच्या देवू लॉजिस्टिक्सला तेरा लाख हेक्टर जमीन ९९ वर्षांसाठी देण्याची बातमी फुटली आणि लोक खवळले. आधीच चिघळलेल्या राजकारणात ते तेलच ठरलं. मार्च २००९ मध्ये राष्ट्राध्यक्ष रावालोमानाना पायउतार झाले, आणि नव्या सत्ताधाऱ्यांनी पहिल्या काही दिवसांतच तो बेत मोडीत काढला. मुंबईच्या वरुण कंपनीचीही तिथे भातासाठी मोठी जमीन घेण्याची तयारी चालू होती, तीही बारगळली. जॉर्जियात पंजाबचे शेतकरी गेले होते. २०१३ मध्ये तिथल्या संसदेने परकीयांना शेतजमीन विकण्यावर बंदी आणली, आणि पुढे राज्यघटनेतच तसं कलम आलं.

जॉर्जियाच्या लोकांवर रागावण्याचा आपल्याला काय अधिकार? महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या मराठी माणसालासुद्धा जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. परदेशी नागरिकाचा तर प्रश्नच नाही. कमाल जमीन धारणेचा कायदा बारमाही बागायतीला कुटुंबामागे १८ एकर आणि कोरडवाहूला ५४ एकरांवर थांबवतो. उद्या कुणी परदेशी कंपनी शिराळ्याचे डोंगर एकरी बावीस रुपयांनी पन्नास वर्षं मागायला आली, तर तुमचं हेच वृत्तपत्र पहिल्या पानावर काय मथळा देईल, ते मला दिसतंय.

मी परदेशी जाऊ नका म्हणणारा नाही. आपल्या पोरांना ठिबक येतं, द्राक्षाची छाटणी येते, रोपवाटिका येते. तिथल्या शेतकऱ्याची जमीन त्याच्याकडेच ठेवून त्याला रोपं, ठिबक, ट्रॅक्टर भाड्याने द्या, माल हमीभावाने घ्या. यात पैसा हळू येतो, पण पूर आला तर तो सगळ्यांचा असतो आणि रात्री झोप लागते. गुजराती व्यापारी पूर्व आफ्रिकेत पिढ्यान् पिढ्या आहेत, याकडे आपलं लक्ष का जात नाही कोण जाणे.

हे सगळं आत्ताच लिहिण्याचं कारण असं, की आमच्या भागात सध्या मंगल कार्यालयं भाड्याने घेऊन बैठका चालू आहेत. पडद्यावर हिरवीगार चित्रं, जेवण फुकट, आणि 'गट करून या, परदेशात वर्षाला माणशी अडीच लाख डॉलर पाठवता येतात' असा सल्ला. रिझर्व्ह बँकेची ती मर्यादा खरी आहे, पण मर्यादा म्हणजे शिफारस नव्हे. पट्टा देणारं सरकार केंद्राचं की प्रांताचं, गेल्या दहा वर्षांत त्या जमिनीवर कोण पेरत आणि कोण चारत होतं, मुदतीत जमीन वहितीला आली नाही तर काय, असं अशाच एका बैठकीत मी विचारलं. उत्तर आलं, 'साहेब, आधी जमीन बघून तर या, जानेवारीत नेतो.' जानेवारीत गंबेला फार सुंदर असतं, कोरडं, गवत पिवळं, नदी पात्रात. बघायला जायचंच असेल तर ऑगस्टमध्ये जावं, स्वतःच्या खर्चाने जावं, आणि दुभाषा त्यांचा घेऊ नये.

आमच्या गावातले दोघे जण आगाऊ रक्कम भरायच्या बेतात आहेत. एकाने त्यासाठी द्राक्षबाग तारण ठेवायचं ठरवलंय. त्यांच्या घरी तुमचाच पेपर येतो, तेव्हा हे पत्र शक्यतो याच आठवड्यात छापावं ही विनंती.

आपला,
एक निवृत्त कृषी अभियंता
ता. वाळवा, जि. सांगली