हेडबोर्डला एवढे पैसे कशाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत घरसजावटीचं पान येतं ते आमच्याकडे सगळे वाचतात, पण त्यातल्या बेडरूम बघून प्रश्न पडतो की इथे खरंच कोणी झोपतं का. पलंगाच्या उशाशी उभा पांढराशुभ्र वेल्व्हेटचा हेडबोर्ड, त्यावर बटणंच बटणं, आणि खर्च किती आला ते कुठेच नाही. आपल्याकडे रात्री डोक्याला खोबरेल चोपडून झोपणारी माणसं आहेत हो, पलंगाच्या मागच्या भिंतीवर तेलाचा गोल डाग नाही असं घर दाखवा मला. हेडबोर्डची गरज मुळात तिथूनच सुरू होते, शो नंतर.

माझं म्हणणं एवढंच की ही वस्तू घरी करता येते, शिलाई मशीन लागत नाही, सुतार लागत नाही, आणि दुकानात विचारलं तर जो आकडा सांगतात त्याच्या चौथाईत काम होतं. मी आमच्या ६ फुटी डबलबेडला केला, प्लाय फोम कापड आणि गन टॅकर धरून साडेतीन हजाराच्या आसपास खर्च आला. गन टॅकर म्हणजे कापडाला पिना मारायची हाताची मशीन, हार्डवेअरच्या दुकानात मिळते आणि नंतर शेजारीपाजारी फिरत राहते ते वेगळं.

प्लायची अख्खी ८ बाय ४ ची शीट घेऊ नका, ६ बाय ३ मध्येही येते, १२ मिमी जाडी बास होते. दुकानदार सगळ्यालाच वॉटरप्रूफ म्हणतो, तुम्ही शीटवरचा आयएस म्हणजे भारतीय मानकाचा शिक्का बघा. आयएस ३०३ चा एमआर ग्रेड असेल तर दमटपणा थोडाफार सोसतो, पाणी नाही, आयएस ७१० म्हणजे मरीन, पाणी सोसणारा पण महाग. कोरडी भिंत असेल तर साधा एमआर चालतो. पण पावसाळ्यात ओल येणारी बाहेरची भिंत असेल, कोकणात ठाण्या-मुंबईत ती असतेच, तर मरीनसुद्धा भिंतीला चिकटवू नका, मागे बोटभर फट ठेवा, नाहीतर गणपतीपर्यंत मागून बुरशी आलीच समजा.

फोमवर पैसे घालवायची गरज नाही असं माझं ठाम मत आहे. गादीला ४० डेन्सिटीचा, म्हणजे जास्त घनतेचा फोम वगैरे ठीक आहे कारण त्यावर माणूस आठ तास पडतो, इथे नुसती पाठ टेकायची तर ३२ ची दोन इंची पुरते. आणि खरं सांगू का, फोमच कशाला, घरात जुनी जाड गोधडी असेल तर ती दोन-तीन घड्या करून लावा. जुन्या गादीतला कापूस मात्र नको, तो उभा केला की हळूहळू खाली घसरून तळाशी गोळा होतो, गोधडीला सगळीकडे धावदोरा असतो म्हणून ती जागची हलत नाही. आजीच्या लुगड्यांची असेल तर लावायला जीव होणार नाही ती गोष्ट निराळी.

वाचलेले पैसे कापडावर घाला. सोफ्याच्या कापडाचा पन्हा बहुतेक ५४ इंच असतो, ते आडवं घातलं तर ६ फुटाला सव्वादोन मीटरमध्ये जोड न देता बसतं, फक्त उभ्या पट्ट्यांचं डिझाईन असेल तर ते आडवं होईल हे दुकानातच लक्षात घ्या. पण माझ्या मते सगळ्यात भारी म्हणजे सोलापुरी चादर. सिंगल चादर साधारण ५ बाय साडेसात फूट, म्हणजे पुढून झाकून मागे दुमडायलाही पुरते, सुती जाड विणीची, पिनांनी फाटत नाही, गडद रंगात तेलाचा डाग दिसत नाही आणि दिसलाच तर मागच्या पिना उपसून धुवायला टाकता येते. तुमच्या वेल्व्हेटचं करून दाखवा असं.

करायची पद्धत सोपी आहे. गादीवर बसून भिंतीला टेका, डोक्याच्या वर वीतभर खूण करा, ती हेडबोर्डची उंची. फोमला प्लायवर रबरी गमचे चार-पाच ठिपके पुरतात, खिडकी उघडी ठेवा आणि जवळ गॅस उदबत्ती काही पेटतं नको कारण त्या गमची वाफ पेट घेते. कापड उलटं पसरा, वर फोम खाली करून प्लाय ठेवा, आणि पहिली पिन वरच्या बाजूच्या मध्यावर, दुसरी तिच्या समोर खाली, मग डावी-उजवी, अशी मधून कोपऱ्यांकडे जा. एका टोकापासून सरळ मारत गेलं की कापड एकीकडे ओढलं जाऊन पुढे सळ पडतात. कोपरे शेवटी, वहीला कव्हर घालतो तसे दुमडून.

बटणं लावू नका. धूळ बसते हे एक, आणि घरात कधी ढेकूण शिरले तर पहिले त्या खाचांमध्ये आणि हेडबोर्डच्या मागेच जाऊन बसतात, म्हणून अधूनमधून काढून मागे बघता येईल असाच बसवा.

भाड्याने राहणाऱ्यांचा मुद्दा तर तुमच्या पानावर कधी येतच नाही. ११ महिन्यांचं ॲग्रीमेंट, भिंतीला ड्रिल मारलं की डिपॉझिटमधून कापणार, मग हेडबोर्ड टांगायचा कसा? तर टांगायचाच नाही. प्लायला मागून दोन उभ्या रिपा म्हणजे लाकडी पट्ट्या मारा, जमिनीपर्यंत जाणाऱ्या, आणि पलंग मागे ढकला, स्टोरेजवाला बॉक्स बेड एवढा जड असतो की हेडबोर्ड मधे अडकून उभा राहतो. ओलीची भिंत असेल तर रिपांच्या मागे रबराचे तुकडे चिकटवले की फटही राहते. रीप १ इंची आणि प्लाय १२ मिमी असेल तर स्क्रू सव्वा इंचीच घ्या, दीड इंचीचं टोक पुढून बाहेर येतं, आणि पुढे आपलं डोकं असतं. घर सोडताना उचलून टेम्पोत टाकला की झालं.

तर विनंती अशी की त्या पानावर फोटोंच्या खाली निदान मापं आणि खर्च छापत जा, आणि महिन्यातून एकदा तरी वन रूम किचनमधली एखादी बेडरूम दाखवा, ती हॉलमध्येच असली तरी चालेल.

आपली वाचक,
डोंबिवली