पाव किलो खबर

गावभाग, सांगली
३ ऑगस्ट

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू इतका तापला होतास की मला मधे तोंड घालायला जागाच मिळेना. "पोरगी शाळेत हसतखेळत असते, घरी वही काढली की हिच्या पोटात दुखतं," असं म्हणालास आणि मी हसलो. ते तुला लागलं, हे फोन ठेवताना कळलं. हसलो कारण गेल्या वर्षी आमच्याकडं हेच चालू होतं. आमच्या विनूचं पोट नाही, दात दुखायचा. फोनवर हे सगळं सांगता आलं नसतं, म्हणून बऱ्याच वर्षांनी पत्र लिहायला बसलोय. अक्षर लावून घे. वहिनींना वाचून दाखव, चिमीला नको.

आधी त्या बाईंच्या शेऱ्याचं. "निपुणमध्ये मागे पडत आहे" असं वहीवर लाल शाईनं आलं म्हणून तुझी झोप उडाली. मर्दा, ही निपुण भारत मोहीम जुलै २०२१ मध्ये सुरू झाली तीच मुळी तिसरी संपेपर्यंत पोराला समजून वाचता यावं आणि साधी बेरीज-वजाबाकी जमावी यासाठी. चिमी आत्ता जूनमध्ये दुसरीत गेली. जवळजवळ दोन वर्षं हातात असताना तू गाडी सुटल्यासारखा पळतोयस.

आता माझं पाप ऐक. विनू पहिलीत असताना मी भिंतीवर एक ते शंभरचा तक्ता लावला, लॅमिनेशन करून. रोज साडेसातला मोबाइलवर गजर लावायचा आणि पोराला समोर बसवायचं. "लिही, सत्तावीस." पोरगं ७२ लिहायचं. पुसून परत ७२. एके दिवशी तिसऱ्यांदा ७२ आल्यावर मी पाटी हिसकावली आणि जे बोलायला नको ते बोललो. दुसऱ्या दिवसापासून पेन्सिल गायब. चार दिवसांनी आईला ती तांदळाच्या डब्यात सापडली, पार तळाशी. कोपरापर्यंत हात घालून पुरली होती पठ्ठ्यानं.

तुला २०१९ चा गदारोळ आठवतो? बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असं म्हणायची रीत आली होती. आम्ही मार्केट यार्डात चहा पिता पिता पोट धरून हसलो होतो. कुणी भाव विचारला की "सत्तर दोन!" म्हणून ओरडायचं. ती तांदळातली पेन्सिल हातात आल्यावर ते हसणं मला परत ऐकू आलं. सत्तावीस म्हटलं की कानावर आधी सात पडतो, मग वीस. लिहायचं मात्र आधी दोन, मग सात. विनू ऐकत होता तसंच लिहीत होता. आमच्या दुकानात जतकडचा एक हमाल आहे, तो पोती कानडीत मोजतो: इप्पत्तैदु, इप्पत्तारु, इप्पत्तेळु. इप्पत्तु म्हणजे वीस, एळु म्हणजे सात. जसं बोलायचं तसंच लिहायचं, भानगडच नाही. आपल्या मराठी पोरांना मात्र शंभरापर्यंतची जवळजवळ सगळी नावं वेगवेगळी पाठ करावी लागतात, आणि आपण वर डोळे वटारतो.

एका रविवारी बायकोची मिरजेत दिवसपाळी, आईला बरं नव्हतं, म्हणून विनूला दुकानात घेऊन गेलो. हळदीचं रिकामं बारदान परत द्यायचं होतं. मालक म्हणाले, "ए बारक्या, मोज रे जरा, किती आहेत." हमालानं दहा-दहाचे गठ्ठे बांधून दिले. दोन गठ्ठे आणि सात सुटी. विनू गठ्ठ्यांवर हात ठेवून म्हणाला, "वीस... सात... सत्तावीस!" आणि मालकांच्या पॅडवर स्वतःच २७ लिहिलं. मी बाजूला उभा राहून बघत होतो. त्या दिवसानंतर ७२ परत आलं नाही असं मी म्हणणार नाही, पण आलं तरी तोच थांबतो, हवेत गठ्ठे मोजतो आणि दुरुस्त करतो.

नंतर एकोणतीसला अडला. "पप्पा, यात नऊ कुठंय?" नऊ नाहीच, तिसाला एक उणा. मग तक्त्यावर जाऊन त्यानं सगळे एकोणवाले हुडकले, एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत, आणि शेवटी ओरडला, "नव्व्याण्णव फितूर आहे!" शंभराला एक उणा असं का म्हणत नाहीत, हे मला सांगता आलं नाही. तुला येत असेल तर कळव.

मला एवढंच उमगलंय दत्ता, की मालकांना तो आकडा खरंच हवा होता. बापानं विचारलेल्या सत्तावीसचं उत्तर बापाला आधीच ठाऊक असतं, आणि ते पोराला पक्कं कळतं. ती उलटतपासणी असते. पोटात दुखणारच.

तेव्हापासून मी घरात अशी कामं शोधतो ज्यांचं उत्तर मलाही माहीत नसतं.

गेल्या रविवारचंच सांगतो. आईला शाळू किती उरलाय ते हवं होतं. तिच्याकडं अजून जुनी मापं आहेत, चिपटं, मापटं, शेर, सगळं खानदान. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली. विनूनं चिपटं घेतलं आणि कणगीतला शाळू पाटीत ओतायला लागला. आई एका डोळ्यानं बघत भाजी निवडत होती. दहा-बारा झाल्यावर म्हणाली, "थांब. मघाशी शिगेनं भरत होतास, आता सपाट भरतोयस. असलं माप कोण घेईल?" सगळं परत कणगीत. या वेळी त्यानं पट्टी घेतली आणि दर चिपट्याला वरनं फिरवली. फरशीवर खडूनं चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. मधेच शेजारच्या पोरानं हाक मारली तर हात वर करून त्यालाच गप्प केलं, तोंडातला आकडा सांडू नये म्हणून. शेवटी म्हणाला, "त्रेचाळीस."

"मला चिपट्यात नको, पायलीत सांग," आई म्हणाली.

मग अर्धा तास फरशीवर गोल काढणं चाललं. दोन पायल्या, दोन शेर, एक मापटं, एक चिपटं. मी वहीवर ताडून बघितलं, बरोबर निघालं. पण आईचं त्यानं भागेना. "रोज दोन चिपटी दळण लागतं. कधीपर्यंत पुरेल?" एकवीस दिवस आणि एक चिपटं शिल्लक. "म्हणजे गणपतीच्या आधीच खडखडाट," आई म्हणाली, आणि त्याच संध्याकाळी तिनं मला शाळू आणायला सांगितलं. पोराच्या हिशेबावर घरात धान्य येणार म्हटल्यावर त्याचा चेहरा बघायला हवा होतास. अर्धा, पाव, अर्धपाव हे शब्द शाळेत येतील तेव्हा येतील. त्यानं ते हातानं उचललेत.

लिहिण्याचं म्हणशील तर आमच्याकडं किराणाची यादी विनू लिहितो. मी बोलतो, तो लिहितो, आणि मी ती बघत नाही. हा नियम पाळणं महाकठीण आहे, सांगून ठेवतो. एकदा यादी घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात पाठवला. दुकानदारानं चष्मा वर करून विचारलं, "पाव किलो खबर? कुठली देऊ, सांगलीची का मिरजेची?" पोरगं खोबऱ्याचा काना, मात्रा आणि डोक्यावरचं टिंब घरी विसरून गेलं होतं. रडत आलं, मग आम्ही सगळे हसलो तसं तेही हसलं. पण तेव्हापासून यादी लिहून झाली की स्वतः मोठ्यानं वाचून बघतो. मी वर्षभर सांगत होतो ते त्या माणसानं एका वाक्यात केलं. हिनं रात्रपाळीला जाताना फ्रिजवर चिठ्ठी ठेवायची आणि यानं सकाळी उत्तर ठेवायचं, हेही चालू आहे. त्या चिठ्ठ्या मात्र मला वाचायला बंदी आहे.

वाचायला एसटी स्टँडसारखी शाळा नाही. विटा, जत, तासगाव इथून सुरुवात केली, कवठेमहांकाळपर्यंत पोचलो. 'र' कधी डोक्यावर चढतो, कधी पायात घुटमळतो, याची त्याला भारी गंमत. परवा कराडला जाताना पाटी दिसली 'गुऱ्हाळ' आणि म्हणाला, "हा तर वाकडा र!" बसमधली माणसं बघायला लागली.

आता नदीचं. तुझ्याकडं कृष्णा माहुलीला वेण्णेला भेटून निवांत पुढं जाते, आमच्याकडं पावसाळ्यात तीच घरातलं माणूस होते. रोज सकाळी फोनवर आयर्विन पुलाजवळची पातळी येते. विनूनं जिन्याच्या भिंतीवर शिडी काढलीय, दर फुटाला एक पायरी. ४० ला पिवळी रेघ, ती इशाऱ्याची. ४५ ला लाल, ती धोक्याची. आणि पार वर ५७ ला मी पेन्सिलनं खूण करून दिली, २०१९ ची. त्या वर्षी आमच्या खालच्या खोलीत पाणी स्विचबोर्डाच्या वर गेलं होतं, तुला ठाऊकच आहे. तुझ्याकडंच राहायला आलो होतो. त्या खुणेकडं तो बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं खांद्यापासून बोट वर नेत नेत विचारलं, "मी किती फूट?"

आमच्या घरचा नियम आहे, ३५ फुटाला खालचं सामान माळ्यावर. गेल्या महिन्यात पातळी २६ वरून एका दिवसात ३१ वर गेली. रात्री जेवताना हा बोटं मोजत होता. "पप्पा, काल पाच चढलं. आता चार राहिलं. म्हणजे उद्या सकाळ व्हायच्या आत पस्तीस." मी टाळलं असतं, खरं सांगतो. पण हिशेबात खोट काढायला जागा नव्हती. रात्री अकरापर्यंत मी, आई आणि तो पिठाचे डबे, गाद्या, टीव्ही वर चढवत होतो. सकाळी पातळी ३३, आणि दुपारी उतरायला लागली. पाऊस थांबला होता, वर कोयनेतून विसर्गही कमी केला होता. विनू शिडीसमोर उभा, ओठ बाहेर. "माझं चुकलं का?"

मी म्हटलं, "तुझं गणित बरोबर होतं. नदीनं बेत बदलला." यावर त्यानं बराच विचार केला आणि शिडीशेजारी ढग काढायला घेतला, आता पाऊस पण लिहून ठेवणार म्हणे. सामान अजून माळ्यावरच आहे, माझी कंबर धरलीय.

फसलेलंही सांगतो. ऑनलाइन मागवलेल्या कापा-चिकटवाच्या वह्या, अडीचशे रुपये, चार पानांत संपल्या. पाढ्यांची गाणी लावली तर चाल पाठ झाली, पाढा नाही. लाइट गेल्यावर चिंचोक्यांची एकी-बेकी मात्र हमखास चालते; मुठीत किती, एकी की बेकी, हरला तर तेवढे द्यायचे. आणि एकदा ताटातल्या भाकरीचे चार भाग करून "यातला एक म्हणजे किती?" असं विचारलं, तर पोरगं म्हणालं, "पप्पा, जेवू द्या ना." तेवढं मात्र तू करू नकोस. प्रत्येक गोष्टीचा धडा केला की मुलं धडा ओळखतात आणि पळतात.

आणि तू मला कशाला विचारतोस हेच मला कळत नाही! शिंप्याच्या घरात राहून पोरीला वर्कशीट? तुझ्या गळ्यात दिवसभर साठ इंचाची टेप लटकतेय, एका अंगाला इंच, दुसऱ्या अंगाला सेंटिमीटर. गिऱ्हाईक आलं की तू मापं बोल, चिमीला मापवहीत लिहू दे. छाती, खांदा, बाही, उंची. चारच शब्द आणि चार आकडे, पण चुकले तर कापड वाया जाणार. बटणांचा डबा तिच्या ताब्यात दे: दोन भोकांची वेगळी, चारांची वेगळी, शर्टाला सात लागतात तर या डब्यात किती शर्ट? कर्मवीरांच्या साताऱ्यात राहतोस, 'कमवा आणि शिका' रोज भिंतीवर वाचतोस. तिला दुकानात बसव जरा. वहिनी ओरडतील, ते तुझं तू बघ.

वहिनींना नमस्कार, काकांच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव.

एक काम आहे. विनूला पंधरा ऑगस्टसाठी पांढरा शर्ट हवाय. मापं सोबतच्या चिठ्ठीवर आहेत, त्यानंच आरशासमोर उभं राहून आजीच्या मदतीनं घेतलीत. बाही मला दीडेक इंच लांब वाटते, पण मी टेप लावलेली नाही. तशीच शिवायची की आधी त्याला फोन करून विचारायचं, ते तू ठरव. फोन केलास तर थेट त्यालाच दे म्हणावं, मी मधे नाही.

तुझा,
बाळू