गांधील समजून मारू नका, आधी नीट फोटो काढा

संपादक महाशय,

गेल्या आठवड्यात आमच्या वाड्यावरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो फिरला, काळ्या अंगावर नारिंगी पट्टा असलेली माशी, खाली लिहिलेलं 'विषारी गांधील, दिसली की मारा', आणि संध्याकाळपर्यंत कोणीतरी चपलेने मारलेली तशीच एक टाकलीसुद्धा. मी दोन्ही फोटो मोठे करून बघितले आणि फार वाईट वाटलं, कारण ती गांधील नव्हतीच, रॉबर फ्लाय होती, म्हणजे दुसरे कीटक धरून खाणारी माशी. तिला नांगी नसतेच. हातात दाबून धरली तर सोंड टोचेल, पण आपणहून कोणाच्या अंगावर येत नाही.

पोटावर रुंद नारिंगी पट्टा असलेली मोठी गांधील आपल्याकडे सगळ्यांच्या ओळखीची, बरेच पक्षीसुद्धा तिच्या वाटेला जात नाहीत, म्हणून तिच्यासारखं दिसून ही माशी स्वतःचा जीव वाचवते. इंग्रज निसर्गअभ्यासक हेन्री बेट्स यांनी १८६२ साली ॲमेझॉनच्या फुलपाखरांवरून असल्या नकलेचं कारण मांडलं होतं. माणसाच्या बाबतीत मात्र हेच सोंग तिच्या जिवावर उठतं.

ओळखताना रंग आणि बारीक कंबर यांच्यावर जाऊ नका, फसगत तिथेच होते. डोकं बघा. आमच्या भाटात, म्हणजे बागायतीत, काजूच्या सुक्या फांदीच्या टोकावर एक बसायची, मधमाशी धरून आणायची, उठवली की एक फेरी मारून परत त्याच टोकावर. गुडघ्यावर बसून समोरून फोटो काढला तेव्हा दोन मोठ्या डोळ्यांच्या मधे माथ्यावर खोल खळगा स्पष्ट दिसला आणि तोंडावर राठ केसांची दाट मिशी, भक्ष्य धडपडतं तेव्हा चेहरा वाचावा म्हणून असलेली. असा खळगा नि अशी मिशी गांधिलीला नसते. मग बाजूने बघितलं तर पंख दोनच, आणि त्यांच्या मागे टाचणीच्या डोक्याएवढी गाठ असलेली बारीक दांडी. गांधिलीला पंख चार, पण ती बसल्यावर घडी घालते त्यामुळे फोटोत मोजता येत नाहीत, तेव्हा अँटेना बघावी, गांधिलीची लांब असते, हिची आखूड. फुलावर बसून मध चोखणारी पट्टेवाली माशी बहुतेक होव्हरफ्लाय, तिच्या डोळ्यांमधे खळगा नसतो.

एवढ्यावरून ती रॉबर फ्लाय हे नक्की सांगता येतं, जात मात्र येईलच असं नाही. जगात यांच्या ७,००० हून जास्त जाती आहेत, पंखांवरच्या शिरा नि पोटाचं टोक तपासल्याशिवाय अनेकदा जाणकारही नाव देत नाहीत, आणि ते न देणंच बरोबर आहे. नेटवरच्या एखाद्या फोटोशी जुळवून लॅटिन नाव चिकटवलं की तीच चूक पुढे दहा ठिकाणी जाते.

म्हणून विनंती अशी की तुमच्या रविवारच्या पानासाठी वाचकांकडून कीटकांचे फोटो घेताना एक सुंदर फोटो मागू नका, एकाच माशीचे तीन मागा, समोरून, बाजूने आणि वरून पंख दिसतील असा, सोबत गाव, तारीख आणि ती कशावर बसली होती ते, आणि मारून काढलेला फोटो छापू नका. पाऊस ओसरला की भाटात, सड्यावर या माश्या दिसतातच, तेव्हा या ऑक्टोबरातच सुरुवात झाली तर बरं.

आपला,
एक वाचक, सत्तरी