हप्त्याच्या शेजारी महिनेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ती बँकांना ज्या दराने पैसे उसने देते तो) कमी केला की दुसऱ्या दिवशीच्या अंकात एक चौकट हमखास असते: अमुक लाखांच्या गृहकर्जाचा हप्ता किती रुपयांनी उतरणार. मी ही कात्रणे जपून ठेवते. पण त्यांत महिन्यांचा रकाना नसतो, आणि त्याच रकान्याकडे लक्ष न गेल्यामुळे आमच्या घरातून साडेआठ लाख रुपये जाणार होते.

आम्ही जून २०१७ मध्ये बदलापूरला वन बीएचके घेतला. एका गृहवित्त कंपनीचे २५ लाखांचे कर्ज, मुदत २० वर्षे, व्याज साडेआठ टक्के, हप्ता २१,६९६ रुपये. २०२० मध्ये रेपो दर ४ टक्क्यांवर आला तेव्हा आमचा दर जागचा हलला नाही. बँकांना ऑक्टोबर २०१९ पासून बदलत्या दराची नवी गृहकर्जे रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडावी लागतात. गृहवित्त कंपन्यांवर ते बंधन नाही. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो साडेसहापर्यंत गेला तेव्हा मात्र आमचा दर भराभर चढून दहावर पोचला. हप्ता तेवढाच होता, म्हणून आम्ही निर्धास्त राहिलो.

जून २०२५ मध्ये मी स्टेटमेंट घेऊन बसले. १४४ हप्ते उरायला हवे होते. उरले होते १९०. आठ वर्षांत जवळजवळ २१ लाख भरले होते आणि मुद्दल अजून २० लाख ६४ हजार! दर वाढला तर हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्येच सांगितले आहे. आम्हाला कुणी विचारले नव्हते.

तोवर रेपो फेब्रुवारी, एप्रिल आणि जून अशा तीन कपातींनी साडेपाचवर आला होता. कर्ज दुसरीकडे हलवायचे ठरवले. एक बँक पावणेआठ टक्क्यांनी द्यायला तयार झाली. तिच्या एजंटने आणलेल्या कागदावर मुदत पुन्हा २० वर्षे होती आणि हप्ता १६,९४४. "ताई, महिन्याला पावणेपाच हजार वाचतात," तो म्हणाला. वर पाच लाखांचे टॉप-अप, म्हणजे त्याच घरावर वाढीव कर्जही घ्या म्हणाला. घरात सगळ्यांना आनंद झाला. मलाही झाला.

रात्री गुणाकार केला. १६,९४४ गुणिले २४० म्हणजे ४० लाख ६६ हजार. जुन्या कंपनीकडेच राहिलो असतो तर उरलेले हप्ते मिळून ४१ लाख १३ हजारांच्या आसपास भरले असते. सव्वादोन टक्के स्वस्त कर्ज, आणि फरक फक्त ४७ हजारांचा. त्यातून प्रोसेसिंग फी, वकील, मूल्यांकन, नव्या गहाणखताचे मुद्रांक शुल्क आणि नोटीस ऑफ इंटिमेशनचा (गहाणाची सरकारदरबारी नोंद करण्याचा) खर्च वजा जाणार. शिवाय हप्ते २०४५ पर्यंत. हे तेव्हा निवृत्त होऊन बरीच वर्षे झालेली असतील.

मग उलटे गणित केले. दर पावणेआठ, पण हप्ता जुनाच, २१,६९६. कर्ज १४८ महिन्यांत संपते, एकूण भरणा ३२ लाख ११ हजार. म्हणजे घर घेताना ठरलेल्या २०३७ सालीच सुटका. महिन्याला आणखी पाच हजार टाकले तर १०८ महिने, २०३४.

एवढे साधे काम, पण १४८ महिने कागदावर लिहून घ्यायला तीन चकरा पडल्या. "सगळे वीसच वर्षे घेतात," हेच प्रत्येक वेळी ऐकवले. पाच हजार आम्ही आगाऊ भरणा म्हणून भरतो. वैयक्तिक गृहकर्ज बदलत्या दराचे असेल तर त्यावर दंड लावता येत नाही. मात्र हप्ता तोच ठेवून मुदत कमी करा, असे लेखी देऊन पोच घेतली.

जुन्या कंपनीकडे फोरक्लोजर लेटर (कर्ज पूर्ण फेडायला किती रक्कम लागेल ते पत्र) मागितले, तेव्हा त्यांनाही एकाएकी कमी दर सुचला. थोडी फी भरून तिथेच दर उतरवून मिळतो, हे आधी कळले असते तर कदाचित हलायची गरजच पडली नसती. वाचकांनी हा प्रश्न आधी स्वतःच्या कर्जदात्याला विचारावा. ज्यांचे शेवटचे तीन-चार वर्षांचेच हप्ते उरले आहेत, त्यांनी तर खर्चाचा हिशेब केल्याशिवाय हलूच नये.

ऑक्टोबर २०२४ पासून कर्जाबरोबर 'की फॅक्ट स्टेटमेंट', म्हणजे कर्जाच्या मुख्य माहितीचे पत्रक, द्यावे लागते. त्यात नव्या कर्जाचे एकूण व्याज असते. कर्ज हलवणाऱ्याला त्याच पानावर जुन्या कर्जाचे उरलेले महिने आणि उरलेला एकूण भरणाही दिसला पाहिजे, अशी माझी रिझर्व्ह बँकेकडे मागणी आहे. आणि तुम्हाला विनंती: पुढच्या पतधोरणाच्या बातमीत हप्ता किती उतरेल याच्या शेजारी, हप्ता तोच ठेवला तर किती महिने कमी होतील, हाही रकाना द्या.

आपली,
एक गृहकर्जदार, बदलापूर