सिमेंटविषयी, न लपवता

ती. बाबा आणि ती. आई यांना साष्टांग नमस्कार.

खुब्याचा सांधा बदलताना सिमेंट वापरणार हे कळल्यापासून बाबांना झोप नाही, कारण शेजारच्या काकूंचे भाऊ म्हणे त्यानेच टेबलावर गेले, असे आईने फोनवर सांगितले. ही निव्वळ अफवा आहे असे म्हणून मी विषय संपवला असता, पण रोज भूल देणाऱ्या मुलीने आईवडिलांशी असे बोलू नये. असे घडते, फार क्वचित, पण घडते.

हे सिमेंट म्हणजे भुकटी आणि द्रव कालवून केलेले अ‍ॅक्रिलिक. आई, तुझ्या कवळीतला पदार्थ त्याच जातीचा. मांडीच्या हाडाच्या पोकळीत ते दाबून भरताना आतला दाब वाढतो आणि मज्जा, चरबी व हवेचे कण शिरांतून फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्यांत जाऊन अडकतात. हृदयाच्या उजव्या बाजूवर एकाएकी भार येतो, रक्तदाब उतरतो, ऑक्सिजन घटतो. बहुतेकांत हे थोड्या वेळात सावरते. हा त्रास किती गंभीर, हे आम्ही तीन पायऱ्यांत मोजतो: वरचा रक्तदाब 20 टक्क्यांहून अधिक उतरला तर पहिली पायरी, 40 टक्क्यांहून अधिक उतरला तर दुसरी, आणि छाती दाबून हृदय चालू करावे लागले तर तिसरी.

म्हणूनच आमच्याकडे ‘सिमेंट भरतोय’ असे सर्जन मोठ्याने सांगतात आणि त्या क्षणी भूलतज्ज्ञाची नजर मॉनिटरवरून हलत नाही. रक्तदाब वाढवणारे औषध हाताशी असते, आणि हाडाची पोकळी आधीच धुऊन कोरडी केलेली असते.

बाबा, माझी खरी काळजी निराळी आहे. तपासणीच्या वेळी ‘मला काही त्रास नाही’ असे म्हणण्याची तुमची सवय आहे. तीस वर्षांची बिडी, जिना चढताना लागणारा दम आणि लघवी वाढवणारी ती गोळी, हे सारे भूलतज्ज्ञांना सांगा. फुफ्फुसे आधीच थकलेली असतील तर हा धोका वाढतो. सिमेंटशिवाय सांधा बसेल का, हेही अवश्य विचारा. मात्र तुमची हाडे ठिसूळ आहेत, आणि अशा हाडांत सिमेंटची पकड चांगली बसून पुढे हाड तडकण्याची शक्यता कमी राहते, म्हणून सर्जन नाही म्हणाले तर हट्ट धरू नका.

आई, गोळ्यांच्या सगळ्या पाकिटांची एक पिशवी भरून ठेव. तपासणीच्या आदल्या रात्री मी पोहोचते.

तुमची,
मनू