लेकीच्या थेरपिस्ट ताईंना जाहीर आभारपत्र

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

आमच्या लेकीला ऑटिझम असल्याचे निदान झाल्यापासून ‘ती बोलू कधी लागणार’ आणि ‘चारचौघांत नीट कधी बसणार’ हेच आम्हाला जो तो विचारत होता. तिला दिवसभरात कशाकशाचा त्रास होतो, असे विचारणाऱ्या आपण पहिल्याच. त्याबद्दल आपले आभार जाहीरपणे मानावेत, असे मनापासून वाटले.

तिची झोप, अंगावरचे कपडे, घरातले आवाज आणि रडणे सुरू होण्याआधी काय घडले, हे सारे आपण आम्हाला रोज टिपून ठेवायला सांगितले. लोक ज्याला हट्ट म्हणत होते, त्यामागे कधी मानेला टोचणारे लेबल होते, तर कधी शेजारच्या ड्रिलचा आवाज, हे त्या नोंदींतून दिसू लागले. स्पर्श, आवाज, प्रकाश यांची जाणीव फार तीव्र किंवा फार मंद असणे हे 2013 च्या डीएसएम-5 या डॉक्टरांच्या निदान-पुस्तिकेपासून ऑटिझमच्या निदानाच्या निकषांतच धरले जाते, हेही आपल्यामुळेच कळले.

नखे कापणे हे तर आमच्या घरचे संकटच होते. आंघोळीनंतर नखे मऊ असताना कापावीत, आधी तिचे बोट आपल्या मुठीत घट्ट दाबून धरावे, तिला नेलकटर हाताळू द्यावे, तिने हात मागे घेतला तर तिथेच थांबावे आणि उरलेली बोटे दुसऱ्या दिवसासाठी ठेवावीत, हे आपण आमच्याकडून अक्षरशः गिरवून घेतले. आता अंगठा ती स्वतःहून पुढे करते. करंगळी मात्र अजून नाही, आणि त्याची घाई आम्हालाही नाही.

हवे-नको सांगण्यासाठी तिला दिलेल्या चित्रांच्या कार्डांमुळे तिचे बोलणे खुंटेल, अशी धास्ती आम्हाला होती. अशा साधनांनी बोलण्यात अडथळा येत असल्याचे संशोधनात आढळलेले नाही, उलट काही मुलांना त्यांची मदतच होते, हे आपण न कंटाळता समजावले. तिने ‘पुरे’चे कार्ड हातात ठेवले की मोठ्यांनी थांबायचेच, हा आपला नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण आपल्या नकाराला किंमत आहे हे तिला त्यातून उमगले. आनंदाने ती हात फडफडवते, तेही आपण कधी थांबवू दिले नाही.

आईची माया कमी पडल्यामुळे मूल असे होते, हा समज स्वतः एका ऑटिस्टिक मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड यांनी 1964 मध्येच साधार खोडून काढला होता. तरीही तो टोमणा मला ऐकावा लागला, आणि तेव्हा आपण ठामपणे माझ्या बाजूने बोललात. ते मी विसरणार नाही.

आपण लिहून दिलेला, तिला काय सोसत नाही आणि कशाने बरे वाटते हे सांगणारा कागद आम्ही तिच्या नव्या वर्गशिक्षिकांना दिला आहे. त्यांना आपल्याशी बोलायचे आहे. सवडीने वेळ कळवावी, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
लेकीची आई