चाकाचा आऊट काढताना

नाशिक रोड,
रविवार, रात्री साडेदहा

चि. दादास,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आला तेव्हा दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, म्हणून नुसतं हं हं करत राहिलो. संध्याकाळी आईने चांगलं सुनावलं. "पोरगं रडकुंडीला आलं होतं आणि तुम्ही त्याला पंक्चरचा भाव सांगितल्यासारखं बोलत होतात." आता फोनवर मला बोलता येत नाही हे तुम्हा दोघांना काय नवीन आहे? म्हणून कागद घेऊन बसलोय.

तू पाठवलेलं मागचं चाक आज स्टँडला लावलं. आऊट आहे, म्हणजे फिरताना रिम एका बाजूला झुलते, पण तू म्हणतोस तेवढा नाही. डाव्या बाजूच्या दोन आऱ्या ढिल्या पडल्यात आणि त्यांचा ताण शेजारच्या चार आऱ्यांवर आलाय, म्हणून रिम उजवीकडे ओढली गेली. आरीच्या टोकाचं निपल पाव-पाव फेरा फिरवत गेलं की सरळ होईल. घाईने एकच आरी आवळली की दुसरीकडे वेढा पडतो, हे तुला सातवीत असताना शिकवलं होतं. तेव्हा तू दोन आऱ्या तोडल्या होत्यास.

तर तुझं म्हणणं मला कळलं ते असं. चुकलं तर सांग. शेवटच्या घाटात चौघं पुढे होतात, त्यात आपल्या संघाचे तुम्ही दोघं. तुझ्या पायांत जोर होता. माथा दोन किलोमीटरवर आला आणि तुझा रूममेट एक शब्द न बोलता सीटवरून उठला आणि सुटला. आपलाच गडी पुढे, म्हटल्यावर तुझे हात बांधले गेले. तू पाठलाग करावास तर वारा तू कापणार आणि उरलेले दोघं तुझ्या चाकाला चिकटून फुकटात त्याच्यापर्यंत पोचणार, न करावास तर तो जिंकणार. तू केला नाहीस. तो जिंकला, तू तिसरा आलास. आणि हा तोच, ज्याला गेल्या साली तू स्वतःचं चाक काढून दिलं होतंस आणि जो रात्री खोलीत "पुढच्या वर्षी तुझ्यासाठी" म्हणाला होता. शेवटी तू म्हणालास, "बाबा, मी मूर्ख ठरलो."

त्या शब्दासाठी हे पत्र आहे. बाकी संघ बदलायचा की नाही, हे तुझं तू बघ.

ज्या सापळ्यात तू सापडलास त्यात ग्रेग लेमाँड तुझ्याआधी सापडला होता, तोही फ्रान्सच्या टूरमध्ये, म्हणजे सायकलच्या सगळ्यात मोठ्या शर्यतीत. 1985 साली तो आणि बर्नार इनो एकाच संघात होते, ला व्ही क्लेर. इनो म्हणजे फ्रान्समधल्या ब्रिटनीचा माणूस, चार टूर जिंकलेला, सगळा फ्रान्स त्याच्या मागे. लेमाँड 24 वर्षांचा अमेरिकन. सेंट-एतियेनला इनो पडला, नाक मोडलं, तसाच आघाडीवाल्याची पिवळी जर्सी घालून पुढे चालवत राहिला. मग पिरेनीजमध्ये ल्यूझ आर्दिदाँच्या चढावर इनो मागे पडला आणि लेमाँड परक्या संघाच्या स्टीफन रोशबरोबर पुढे. त्याने संघाच्या गाडीला विचारलं, मी जाऊ का? उत्तर आलं, थांब, इनो फार मागे नाही, रोशला ओढू नकोस. खरं अंतर सांगितलं त्याहून बरंच जास्त होतं. तो थांबला. इनोने पाचवी टूर जिंकली, लेमाँड 1 मिनिट 42 सेकंदांनी दुसरा. त्या बदल्यात इनोने शब्द दिला, आणि खोलीत नव्हे, चारचौघांत दिला: पुढच्या वर्षी मी ग्रेगसाठी राबणार.

पुढचं वर्ष आलं. बायोन ते पो या टप्प्यावर इनो पेद्रो देल्गादोला घेऊन निसटला आणि एका दिवसात साडेचार मिनिटांच्या वर वेळ कमावला. लेमाँड मागे बसून राहिला, कारण पुढे त्याचाच गडी होता. ओळखीचं वाटतंय ना? रात्री इनोच्या अंगावर पिवळी जर्सी आणि लेमाँडवर 5 मिनिटं 25 सेकंदांची आघाडी. एवढ्यावर माणूस गप्प बसेल, पण हा दुसऱ्या दिवशी परत एकटाच सुटला. सुपरबान्येरच्या चढाला मात्र त्याची बॅटरी उतरली. लेमाँडचा संघातला दोस्त अँडी हॅम्पस्टन त्याला ओढत घेऊन गेला, लेमाँडने टप्पा जिंकला आणि आघाडी राहिली फक्त 40 सेकंदांची. संघात सरळ दोन तट पडले होते.  विचार कर.

आल्प्समध्ये लेमाँडने पिवळी जर्सी घेतली. मग तो आल्प द्युएझच्या घाटमाथ्याचा फोटो, तुझ्या कपाटाच्या दाराला आतून लावलेला: दोघं हातात हात घालून रेषा ओलांडतायत, लेमाँडने टप्पा इनोला दिलेला, तिसरा माणूस पाच मिनिटांहून मागे. फोटो बघून वाटतं, मिटलं सगळं. पण त्याच संध्याकाळी टीव्हीवर, लेमाँड शेजारी बसलेला असताना इनो म्हणाला, टूर अजून संपलेली नाही. लेमाँडचा चेहरा पडला. शेवटी टूर त्यानेच जिंकली, 3 मिनिटं 10 सेकंदांनी, पहिला अमेरिकन. इनो नंतर सांगत राहिला की मी बाकीच्यांना दमवून ग्रेगचंच काम करत होतो. असेलही. मला स्वतःला तो माणूस आवडतो आणि त्याचं हे बोलणं पटत नाही, दोन्ही. आता सांग, 1985 साली थांबलेला लेमाँड मूर्ख होता का? तो गाडीत बसलेल्यांच्या शब्दावर थांबला. त्याने आपलं काम केलं. खोटं पडलं ते सांगणाऱ्यांच्या बाजूने.

आणि चाकाचं म्हणशील तर 1934 चा रने व्हिएतो आठव. वीस वर्षांचं पोरगं, चढावर कुणाला हाती न लागणारं. पिरेनीजच्या उतारावर त्याच्या फ्रेंच संघाचा म्होरक्या आंतोनँ मान्य पडला, पिवळी जर्सी त्याच्याकडे, चाक गेलेलं. व्हिएतोने आपलं पुढचं चाक काढून दिलं आणि रस्त्याकडेच्या दगडी कठड्यावर गाडीची वाट बघत बसला. रडत. तो फोटो सगळ्यांनी बघितलाय. लोक विसरतात ते दुसऱ्या दिवसाचं. दुसऱ्या दिवशी मान्य परत अडकला, व्हिएतो पुढे उतरून गेलेला होता, तो वळला आणि घाट उलटा चढून मदतीला आला. मान्य टूर जिंकला. व्हिएतो पाचवा. पुढे आयुष्यात कधी त्याला टूर जिंकता आली नाही. मला त्यातलं रडणंच महत्त्वाचं वाटतं. देताना त्याला आनंद झाला नव्हता रे. जीव जळत होता आणि तरी दिलं.

आता आंग्लिरू, स्पेनमधला घाट. तारीख मला पाठ आहे, 13 सप्टेंबर 2023, कारण दुसऱ्या दिवशी पोळा होता आणि आपण निफाडला काकांकडे होतो. आठवतं? काका गोठ्यात बैलांची खांदेमळण करत होते, हळद आणि लोणी चोळून, आणि चिमी त्यांच्या मागे "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" म्हणत नाचत होती. तू ओसरीवर मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून व्हुएल्टा, म्हणजे स्पेनची टूर, लावली होतीस. रेंज जात होती, येत होती. साडेबारा किलोमीटरचा चढ, एका जागी साडेतेवीस टक्के, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलं की साडेतेवीस मीटर वर. त्या जागी आपली टेम्पोसुद्धा मागे घसरेल.

लाल जर्सी, म्हणजे तिथली आघाडी, सेप कुसकडे. वर्षभर दुसऱ्यांसाठी ओढलेला माणूस. मे महिन्यात इटलीच्या जिरोला रोग्लिचसाठी ओढलं, तो जिंकला. जुलैत टूरला विंगेगोसाठी ओढलं, तो जिंकला. आता व्हुएल्टात चुकून म्हणा, कष्टाने म्हणा, आघाडी याच्याकडे आलेली आणि त्याच्या मागे दुसरा, तिसरा कोण? तेच दोघं, त्याच्याच संघाचे. धुक्यात शेवटचे दोन किलोमीटर राहिले आणि दोघं त्याला सोडून पुढे निघाले. मागे पुढे कुणी शत्रू नाही ज्याच्यासाठी हे करावं लागावं. तू ओरडलास, "अरे थांबा ना!" काका हळदीचे हात तसेच घेऊन ओसरीवर आले, काय झालं म्हणून. तू त्यांना दोन वाक्यांत समजावलंस. काकांनी पडद्याकडे बघितलं आणि म्हणाले, "म्हणजे वर्षभर ओढला त्याला पोळ्याच्या दिवशीपण मागेच बांधायचा?"

कुसच्या मदतीला आला तो परक्या संघाचा लांदा. त्याच्या स्वतःच्या कारणाने का होईना, त्याच्या मागे मागे कुस वर पोचला आणि शेवटी त्यालाही मागे टाकून तिसरा आला. रोग्लिच पहिला, विंगेगो दुसरा, कुस 19 सेकंद मागे. तिसऱ्याला चार बोनस सेकंद मिळतात, ते त्याने सोडले नाहीत. 29 सेकंदांची आघाडी 8 वर आली. दुसऱ्या दिवसापासून मात्र दोघं त्याच्यासाठी राबले आणि माद्रिदला लाल जर्सी त्याच्याच अंगावर राहिली, विंगेगोवर 17 सेकंदांनी. संघात काय बोलणं झालं ते त्यांचं त्यांना ठाऊक. पण बोलणं झालं, एवढं दिसलं. तुमच्याकडे झालं का? त्या सकाळी सायकलला हवा भरताना तू त्याला विचारलंस का, "ठरलेलं पक्कं ना?" की तो म्हणाला होता म्हणजे त्याला आठवत असेल, असं धरून चाललास? दोष तुझा म्हणत नाही. विचारतो फक्त.

काकांच्या त्या वाक्याचं मला आणखी एक सांगायचंय, जे तुला कधी सांगितलं नाही. 1991 साली जिल्ह्यातली एक शर्यत होती. संघ वगैरे काही नाही, मी आणि काका, दोघं मित्र, एसटीच्या टपावर सायकली टाकून गेलेलो. दोघांत मिळून एक ट्यूब आणि एक पंप. ट्यूब त्याच्या खिशात, पंप माझ्या फ्रेमला. राहूडच्या घाटात तो माझ्या डावीकडे होता. फुस्स असा आवाज मी स्पष्ट ऐकला. त्याने हाक मारली नाही. मारायची गरजच नव्हती, पंप कुणाकडे आहे हे दोघांनाही माहीत होतं. पुढचा घोळका पन्नास हातांवर होता आणि मी खाली मान घालून पायडल मारत राहिलो. नववा आलो. बक्षीस पहिल्या पाचांना होतं. तो चालत, मग कुणाच्या तरी ट्रकमधून, अंधार पडल्यावर आला आणि म्हणाला, "चल, शेवटची गाडी चुकेल."

बस्स. पुन्हा त्याने तो विषय काढला नाही. माझ्या लग्नात पंगतीत वाढायला तोच, दुकानाला पहिले पैसे त्याचे. मागच्या दिवाळीत मीच धीर करून म्हणालो, राहूडच्या घाटात त्या दिवशी मी... तर म्हणतो, "कुठली शर्यत?" त्याला सगळं आठवतं. त्याला गेल्या तीस वर्षांतले कांद्याचे भाव आठवतात. त्यामुळे पोळ्याच्या आदल्या रात्री तो कुसबद्दल बोलला की आणखी कुणाबद्दल, हे मला आजतागायत कळलेलं नाही, आणि विचारायची माझी छाती नाही.

तर तुझ्या रूममेटची बाजू मी घेत नाही, पण त्याच्या जागेवर मी उभा राहून आलोय. तिथे बरं वाटत नाही, एवढं खात्रीने सांगतो. तुझ्यासारखा थांबलेला माझ्या पाहण्यात मूर्ख नव्हता. तो शब्द मागे घे. चिड, भांड, हवं तर महिनाभर बोलू नकोस. तू गेल्या साली चाक दिलंस ते काही उसनं दिलं नव्हतंस, की आता वसुली झाली नाही म्हणून बुडालास.

चाक उद्या सकाळी पूर्ण करतो. हबमधले छर्रे बदलून ग्रीस भरलंय, जुने पाकिटात घालून ठेवलेत, बघ कसे खाल्लेत ते. तू पावसात धुतल्यावर पुसत नाहीस. टायर चढवताना पाना वापरू नकोस, हाताने चढतो.

मंगळवारी पार्सल निघेल. खोक्यात आईने चिवड्याचे दोन डबे घातलेत, दरवेळेसारखे. एक तुझा, एक त्याचा. मी म्हणालो, या वेळी एकच घाल. ती म्हणाली, डबे परत आणायला सांगा फक्त, दोन्ही माझे आहेत.

तुझा,
बाबा